गादीचा उघडा कोपरा

त्यांना सगळे गादीवाले म्हणत. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे कापूस पिंजणारा कुणी आला असेल तर त्याला आल्या पावली परत पाठवा. हे गृहस्थ रेल्वेच्या आवारात मालडब्यांच्या चाकांना तेल घालणाऱ्या खात्यात होते. ज्या गादीवरून त्यांना हे नाव पडलं ती वीतभर लांब, चार बोटं जाड, तेलाने चिंब आणि बाहेरून कधीच न दिसणारी होती. तिच्यावर कुणी लोळत नाही. तिच्यावर मालडब्याचा आस फिरतो.

थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढची गंमतही कळायची नाही आणि लाजही कळायची नाही. दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा म्हणजे आस. त्याची टोकं चाकांच्या बाहेर येऊन एकेका पेटीत शिरतात. पेटीत टोकावर वरून पितळेचा ठोकळा बसतो आणि त्या ठोकळ्यावर अख्ख्या डब्याचा भार असतो. पेटीच्या तळाशी तेल. तळातलं तेल टोकापर्यंत सतत पोचलं पाहिजे आणि बाहेरची धूळ आत येता कामा नये, एवढंच काय ते शास्त्र. तेल पोचलं नाही की पितळ आणि लोखंड एकमेकांना खायला उठतात, पेटी तापते, धूर निघतो, आणि वेळेवर कुणाचं लक्ष गेलं नाही तर टोक लाल होऊन तुटतं.

पूर्वी या पेट्यांमध्ये सुताचे बोळे कोंबत. गाडीने कचकन ब्रेक लावला की बोळा एका बाजूला सरकायचा, नाहीतर त्याचा एखादा धागा आस आणि पितळ यांच्यामध्ये ओढला जायचा. एवढासा धागा, पण तिथलं सगळं तेल पुसून काढायचा. बावीस वर्षांपूर्वी बोळा गेला आणि गादी आली. जाड कापडाची पिशवी, आत दाबून भरलेली लोकर, वर आसाला टेकणारे वातींचे झुपके, मागच्या अंगाला धूळ अडवणारी लोकरी पट्टी. ती जागची हलत नव्हती आणि धागा सोडत नव्हती. पेट्या तापायच्या थांबल्या. प्रशस्तिपत्र आलं, छातीशी गादी धरून फोटो निघाला, आणि तेलाची झारी घेऊन रुळांच्या कडेने फिरणारा हा माणूस नव्या लोकांना शिकवणारा झाला. आवारातली मंडळी म्हणायची, "राज्य नाही, मुकुट नाही, पण गादी मिळाली बुवा." तेही हसायचे. हसण्याची त्यांनी सवय करून घेतली होती.

कारण ती गादी त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या वहिनीची होती.

मोठा भाऊ त्याच आवारात भट्टीखात्यात होता. ऐन चाळिशीत तापाचं निमित्त होऊन गेला, आणि त्याच्या जागी वहिनींना चिंधीखोलीत काम मिळालं. चिंधीखोली म्हणजे लांबट, पत्र्याच्या छपराची, तेलकट वासाची खोली. तिथे बायका जुनं कापड फाडायच्या, सुताच्या गुंतवळी सोडवायच्या आणि बोळे वळायच्या. घरी एकाच अंगणाला लागून दोन खोल्या यांच्या आणि एक वहिनींची. एकदा जेवताना हे बोळ्यांच्या नावाने कटकट करत होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सरकतो म्हणता, तर त्याला पिशवीत का नाही घालत?" हे हसले. म्हणाले, "वहिनी, ती पेटी आहे, बाजारहाट नाही."

पंधरा दिवसांनी हे बोळे न्यायला दुपारचे चिंधीखोलीत गेले, तर वहिनींच्या टेबलावर ती गादी पडलेली. वहिनी जागेवर नव्हत्या. यांनी ती उचलली, दाबून पाहिली, उलटीपालटी केली, आणि यांच्या लक्षात आलं की हे चालणार. नुसतं चालणार नाही, पळणार. फक्त पेटीत बसवून बघू आणि परत आणून ठेवू, असं मनाशी म्हणत ते बाहेर पडले. तेव्हा तरी मनात पाप नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगून टाकतो, कारण यापुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही नाही. चालता चालता तळहाताला काहीतरी कचकन टोचलं. गादीच्या कोपऱ्याला धाग्यासकट एक दाभण लोंबत होता. त्यांनी तो हिसडून काढला आणि तीन नंबरच्या रुळांमध्ये भिरकावून दिला.

नेमके तेव्हाच मोठे साहेब पाहणी करत समोरून आले. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. यांनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. साहेबांनी गादी हातात घेतली. म्हणाले, "झकास. कल्पना कुणाची?"

"आपलीच, साहेब."

आता बघा, 'आपली' हा शब्द किती सोयीचा आहे. आपली म्हणजे माझी. आपली म्हणजे आपल्या सगळ्यांची, आपल्या खात्याची, आपल्या घरातली. साहेबांनी वहीत यांचं नाव लिहिलं. यांनी ते लिहिताना पाहिलं. पुढे साहेबांनी कोपऱ्यातल्या दोन बोटं उघड्या जागेवर नख ठेवलं आणि विचारलं, "हे असं उघडं का ठेवलंय?"

यांना कुठे ठाऊक. पण आपली म्हटल्यावर ठाऊक असायलाच हवं. "गादीला श्वास घ्यायला जागा, साहेब," हे बोलून गेले. साहेबांना ते फारच आवडलं. नकाशा निघाला त्यात बाण काढून लिहिलं होतं, 'हा कोपरा दोन बोटं उघडा ठेवावा.'

त्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, टेबलावरची माझी पिशवी तुम्ही नेलीत का?"

"साहेबांना दाखवली. आवडली त्यांना."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. थोडं थांबून त्या आणखी काहीतरी विचारणार होत्या, पण हे घाईघाईने हातपाय धुवायला निघून गेले. आठवड्याभरात फलकावर यांच्या नावाचा कागद लागला. वहिनींना वाचता येत होतं. चिंधीखोलीत नकाशा पोचला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कोपरा उघडाच ठेवायचा?"

"नकाशात तसं आहे, वहिनी. नकाशाप्रमाणे शिवा."

"बरं."

बावीस वर्षांत या विषयावर दोघांमध्ये याहून एक शब्द जास्त झाला नाही. हे वहिनींची औषधं न सांगता आणत. अंगणातली सावलीची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवत. त्यांच्या खोलीचा पत्रा गळला तर स्वतः वर चढत. बायको कौतुकाने म्हणायची, "सख्ख्या बहिणीचं कुणी इतकं करणार नाही." ते ऐकलं की यांचा घास तोंडात फिरायला लागे. फोटो भिंतीवर होता, म्हणून हे कायम भिंतीकडे पाठ करून बसत. बायकोला वाटे, केवढा साधा माणूस, स्वतःचा मोठेपणा बघवत नाही. मोठेपणा कसला, लाज होती ती. रोजची, अंगवळणी पडलेली, पण जुनी झाली म्हणून बोथट न झालेली.

गेल्या वर्षी वहिनी निवृत्त झाल्या, चिंधीखोलीतल्या जुन्या बायकांपैकी शेवटच्या. यांचं एक वर्ष उरलं होतं. दिवस ढकलले की सुटलो, असा यांचा हिशोब.

पण वहिनी गेल्या आणि पेट्या पुन्हा तापायला लागल्या. आधी एक, मग दोन, आठ महिन्यांत अकरा. तेल तपासलं, पितळ बदललं, झाकणं नवी लावली. गुण येईना. मग एका वळणावर एका डब्याच्या आसाचं टोक जळून तुटलं आणि मागचे दोन डबे रुळांवरून उतरले. नशीब की मालगाडी होती, कुणाला खरचटलंही नाही. पण चौकशी बसली. त्या डब्याला तेल घालून, पेटीला उलटा हात लावून 'ठीक' अशी खडूची खूण करणारा होता शिट्टी.

शिट्टी म्हणजे एकोणीस वर्षं रुळांच्या कडेने शीळ घालत फिरणारा, हाताने चोख असलेला माणूस. त्याच्यावर ठपका आला की त्याने गादी निष्काळजीपणे बसवली. कामावरून त्याला घरी बसवलं, आणि चौकशीत ठपका कायम झाला तर घरीच बसायचं होतं. तो यांच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. शीळ नाही, काही नाही.

"मामा, गादी तुमची आहे. तुम्ही बघून सांगा मी वाकडी बसवली होती का. तुम्ही सांगाल ते मी मान्य करेन."

जळालेली गादी पुराव्याच्या खोलीत ठेवली होती. यांनी ती पाहिली. उघड्या कोपऱ्यातून लोकरीचा धागा बाहेर ओढला गेला होता आणि कंगव्यात केस गुंतावेत तसा पितळेखाली गुंडाळला जाऊन करपला होता. गादी सरळ बसवलेली होती. शिट्टीची काही चूक नव्हती. धागा त्या श्वास घ्यायच्या जागेतून आला होता.

मग बावीस वर्षं का नाही आला? हे त्यांना कळेना. ते चिंधीखोलीत गेले. दोन नव्या बाया भिंतीवरच्या नकाशाकडे बघून इमानेइतबारे कोपरा उघडा ठेवत होत्या. यांना पाहून उठून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "दोन बोटं बरोबर आहेत ना, सर? मोजून ठेवतो आम्ही." यांनी मान हलवली. मग भंगाराच्या ढिगातून त्यांनी वहिनींच्या काळातली एक जुनी गादी शोधून काढली. कोपरा उघडाच दिसत होता, नकाशाप्रमाणे. त्यांनी आत बोट घातलं. बोट नखभर गेलं आणि अडलं. आत बारीक, घट्ट टाके होते. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या आतून शिवलेल्या.

ते तिथेच ढिगाजवळ उलट्या डब्यावर बसले.

घरी आले तेव्हा वहिनी अंगणात खुर्चीवर बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. यांनी जुनी गादी त्यांच्यापुढे धरली.

"वहिनी, हा कोपरा..."

वहिनींनी गादीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि अभ्र्यातली सुई नीट खोवून ठेवली. "इतक्या वर्षांनी विचारलंत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर यांना बरं वाटलं असतं.

"उघडा का ठेवला होता?"

"ठेवला कुठे होता? दोरा संपला म्हणून मी उठले होते, भाऊजी. भांडारातून दोरा घेऊन आले, तर टेबलावर काहीच नाही. शिवायचा राहिला होता तो कोपरा."

म्हणजे श्वासही नाही आणि शास्त्रही नाही. अर्धं काम होतं, आणि यांनी ते अर्धं उचललं. आणि त्या अर्ध्या कामाचा नकाशा झाला, नियम झाला, धडा झाला. बावीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून 'गादीला श्वास लागतो' म्हणून त्यांनी माणसांना शिकवलं होतं. त्यातल्या काहींनी ते वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं.

"मग तुम्ही आतून..."

"उघडा ठेवला तर धागा ओढणार, हे दिसत होतं. नकाशाप्रमाणे शिवा म्हणालात. बाहेरून नकाशाप्रमाणे, आतून माझ्याप्रमाणे. आम्ही बायका त्याला चोरटाका म्हणायचो."

"मला सांगायचं होतं, वहिनी."

"काय सांगायचं? तुम्ही वर्गात श्वास शिकवत होता. चार लोकांत तुमचं हसं झालं असतं. दादांचे धाकटे भाऊ तुम्ही."

लाज लाज म्हणतात ती यांनी बावीस वर्षं भोगली होती असं यांना वाटत होतं. ती काहीच नव्हती. आपण चोरी केली हे त्यांना माहीत होतं. पण जिची चोरी केली तिनेच रोज, एकेका गादीत, आतल्या बाजूने टाके घालून आपली अब्रू झाकली, हे त्यांना आज कळलं. ते तिथून उठून गेले. जेवले नाहीत.

एवढं कळूनही माणूस कसा असतो बघा. चौकशीला जाताना त्यांनी मनात वेगळीच मांडणी करून ठेवली होती. हल्लीचं तेल पातळ येतं, सबब कोपरा आता बंद करावा, असं सांगायचं. शिट्टी सुटेल, कोपरा शिवला जाईल आणि फोटोही भिंतीवर राहील.

चौकशीच्या मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. टेबलावर जळकी गादी, शेजारी नकाशा. भिंतीला लागून शिट्टी उभा, धुतलेला शर्ट घालून. यांनी पातळ तेलाचं सांगितलं. मॅडमनी शांतपणे फाइल चाळली.

"तेलाचा अहवाल आहे माझ्याकडे. तेल तेच आहे. बावीस वर्षं उघड्या कोपऱ्याने चाललं ना? मग दोष गादीचा नाही, बसवणाऱ्याचा. तुमच्याच गादीबद्दल तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

शिट्टी यांच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. मामा सांभाळून घेतील, असा भरवसा होता.

आयुष्यभर ज्यांनी लोकांच्या पेट्यांतलं पितळ तपासलं, त्यांचं स्वतःचं पितळ उघडं पाडायची वेळ आली होती, आणि ते दुसरं कुणी पाडणार नव्हतं. त्यांनी पिशवीतून वहिनींची जुनी गादी काढली आणि टेबलावर ठेवली.

"कोपऱ्यात बोट घाला, मॅडम."

मॅडमनी घातलं. बोट अडलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"बावीस वर्षं चालल्या त्या सगळ्या अशा होत्या. आतून शिवलेल्या. माझ्या वहिनींनी शिवल्या. त्या निवृत्त झाल्या आणि नव्या बायकांनी नकाशाप्रमाणे खरोखर उघड्या ठेवल्या. याची काही चूक नाही."

"मग नकाशात तुम्ही कोपरा उघडा का दाखवलात?"

"मला माहीत नव्हतं म्हणून. गादी माझी नाही. वहिनी शिवत होत्या, दोरा आणायला उठल्या, आणि मी ती अर्धवट उचलून नेली."

मॅडमचं पेन थांबलं. "इथे स्पष्ट लिहिलंय, कल्पना तुमची."

"साहेबांनी विचारलं तेव्हा मी 'आपलीच' म्हणालो होतो. बावीस वर्षं मी मनाला सांगत आलो की 'आपली' म्हणजे घरातली. तसं नव्हतं, मॅडम. मला 'माझी' असंच म्हणायचं होतं."

शिट्टीने मान खाली घातली. त्याची सुटका होत होती आणि तरी त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते यांना सगळ्यात जास्त लागलं.

शिट्टी तिसऱ्या दिवशी कामावर आला. नकाशातला बाण खोडला. फोटो यांनी स्वतः उतरवला, आणि उतरवताना पहिल्यांदा नीट पाहिला. छातीशी धरलेल्या गादीच्या कोपऱ्यातून तुटका दोरा लोंबत होता, साध्या डोळ्यांनी दिसत होता. बायको दोन दिवस यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

चौकशीच्या दिवशीच संध्याकाळी ते वहिनींपुढे जाऊन उभे राहिले होते. सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. वहिनींनी ऐकून घेतलं.

"शिट्टीची नोकरी राहिली?"

"राहिली."

"मग झालं." त्यांनी शिवण हातात घेतलं. दोन टाके घातले आणि मान वर न करता विचारलं, "भाऊजी, तेव्हा विचारायचं राहिलं. त्या पिशवीला माझा दाभण होता. त्याचं काय केलंत?"

यांना क्षणभर समजलंच नाही. मग तळहातात ती जुनी टोच जशीच्या तशी उठली.

"दाभण?"

"टोकाशी वाकडा होता. गोधडीच्या कोपऱ्यात टाका घालता यावा म्हणून तुमच्या दादांनी भट्टीवर मला करून दिला होता. आजारी पडण्याच्या आधीच्या महिन्यात. तीन दिवस टेबलाखाली शोधत होते मी. वाटलं, तुम्ही जपून ठेवला असेल. दादांचं काम तुम्ही ओळखलं असेल."

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती. हरवला म्हणता आलं असतं.

"फेकून दिला, वहिनी. रुळांत. हाताला टोचला म्हणून."

वहिनींनी मान हलवली. मग उठल्या, अभ्रा झटकला, घडी घातली आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आल्या नाहीत.

नोकरीचे उरलेले आठवडे रोज दुपारी सुट्टी झाली की गादीवाले तीन नंबरच्या रुळांमध्ये वाकून खडी चाळताना दिसायचे. त्या जागची खडी मधल्या काळात तीनदा बदलली होती, हे त्यांनाही माहीत होतं. येणारेजाणारे विचारत, "काय हो, काय हरवलं?" नुसतं 'काही नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं. पण ते उभे राहत, कमरेवर हात ठेवत, आणि वहिनी दोरा आणायला उठल्या होत्या तिथपासून सांगायला लागत.